घाटाखालची गुरं आणि जगाची यादी

१ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारताचा आंबा बंद केला तेव्हा देवगड-रत्नागिरीतले बागायतदार एकच गोष्ट विचारत होते: माशी सापडली ती पेटी कुणाची? त्याला उत्तर नव्हतं. बंदी ना पेटीवर होती, ना बागेवर. ती देशावर होती. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये फळमाशी आणि इतर कीड सापडली, म्हणून आंब्याबरोबर कारली, पडवळ, वांगी आणि अळूसुद्धा दारातच अडवली गेली. ज्याने झाडाखाली पडलेलं फळ उचलून पुरलं, बागेत सापळे लावले, गरम पाण्याची प्रक्रिया करून घेतली, त्याच्या पेटीवरही तोच शिक्का बसला. जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठवण्याचा निर्णय झाला, पण एक हंगाम गेला तो गेलाच. तो राग कोकणात अजून कुणी विसरलेलं नाही, आणि विसरूही नये.

पण त्याच वर्षी, ऑक्टोबरात, जागतिक व्यापार संघटनेच्या लवादापुढे भारत एक खटला हरला. त्याची आठवण आपल्याकडे कुणी काढत नाही. अमेरिकेच्या एखाद्या राज्यात पक्ष्यांना फ्लू झाला की आपण अख्ख्या अमेरिकेची कोंबडी आणि अंडी बंद करत होतो. रोग कुठल्या भागात आहे, किती दूर आहे, तिथल्या सरकारने तो भाग वेगळा काढला आहे का, हे आपण विचारातच घेत नव्हतो. लवादाने ते चूक ठरवलं, आणि जून २०१५ मध्ये अपिलातही आपलं म्हणणं टिकलं नाही. म्हणजे उन्हाळ्यात आपण ब्रसेल्सला सांगत होतो, ‘बाबांनो, देश बघू नका, बाग बघा’, आणि जिनिव्हात आपलेच वकील ‘देश बघितला तर बिघडलं काय’ म्हणत उभे होते.

मी ही दोन प्रकरणं मुद्दाम शेजारी ठेवली. गुरांच्या रोगांवरून जगातले देश ज्या वर्गवारीत बसवले जातात, तिच्याबद्दल आपण काय मागायचं, हे त्यातून ठरवता येतं. माझं म्हणणं असं आहे: देशाला दर्जा द्यायचाच असेल तर तो तिथे किती रोगी जनावरं सापडली यावर देऊ नये. तो देश किती कसून शोधतो आणि सापडल्यावर किती लवकर सांगतो, यावर द्यावा. आणि तो दर्जा देशाच्या नकाशाला चिकटवण्याऐवजी ज्या पट्ट्यात काम झालंय त्या पट्ट्याला द्यावा. असा पट्टा आपल्याकडे कुठे तयार करता येईल असं कुणी विचारलं, तर मी घाटाखालच्या कोकणाकडे बोट दाखवीन. त्याची कारणं पुढे देतो.

मुळात ही यादी करणारी संस्था जन्माला आली ती आपल्याच गुरांमुळे. १९२० मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेली वशिंडाची गुरं बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात थांबली, आणि त्यांच्याबरोबर बुळकांडी ही गुरांची जीवघेणी साथ युरोपात उतरली. त्या धक्क्यातून २५ जानेवारी १९२४ रोजी २८ देशांनी पॅरिसमध्ये करार केला. आजची जागतिक पशुआरोग्य संघटना ती हीच. तेव्हापासून तत्त्व एक आहे: आपल्या गोठ्यात रोग आला तर शेजाऱ्याला सांगायचं, आणि शेजाऱ्याने त्या माहितीवरून आपलं दार किती लावायचं ते ठरवायचं.

बुळकांडीचं नाव आजच्या पोरांना माहीत नाही. ते माहीत नसणं हे केवढं मोठं काम आहे! आमच्या आजोबांच्या बोलण्यात ‘बुळकांडीचं साल’ यायचं, जसं प्लेगचं साल यायचं. डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, मग जुलाब, आणि आठवड्याभरात गोठा रिकामा. भारतातला तिचा शेवटचा उद्रेक १९९५ मधला. त्यानंतर आपण फक्त ‘आता रोग नाही’ म्हणून मोकळे झालो नाही. लस थांबवली आणि लोक गावोगाव, गुरांच्या वाटांवर, बाजारांत शोधत फिरले. शोधूनही सापडत नाही हे दाखवल्यावर २००६ मध्ये भारताला मुक्तीचा दाखला मिळाला, आणि २०११ मध्ये सगळ्या जगातून ती गेल्याचं जाहीर झालं. ‘नाही’ हे सिद्ध करायला ‘आहे’ सिद्ध करण्यापेक्षा जास्त पायपीट लागते.

याच्या उलट उदाहरण युरोपातलं आहे, आणि वर्गवारी कशी करावी हे शिकायला मला त्याहून चांगलं सापडलेलं नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये गाईंच्या मेंदूचा एक नवा रोग ओळखला गेला. लोक त्याला ‘मॅड काऊ’ म्हणायला लागले. कारण होतं खाद्यात: मेलेल्या गुरांच्या मांस-हाडांची भुकटी गुरांनाच चारली जात होती. जुलै १९८८ मध्ये ब्रिटनने आपल्या गुरांना ती चारायला बंदी केली, पण भुकटी त्यानंतरही परदेशी जात राहिली. रोग अंगात मुरायला चार-पाच वर्षं लागतात, त्यामुळे ती भुकटी विकत घेणाऱ्या देशांत वरवर सगळं आलबेल दिसत होतं. मार्च १९९६ मध्ये माणसांच्या मृत्यूंशी रोगाचा संबंध असल्याचं ब्रिटनने कबूल केलं. तोवर ब्रिटनमध्ये दीड लाखांवर गुरं गेली होती. पुढे एकट्या त्या देशात या रोगाने १७८ माणसं दगावली.

मग युरोपीय आयोगाच्या शास्त्रज्ञांनी देशांची जोखीम मोजायची एक पद्धत बसवली. त्यांनी रोगी गाई मोजल्याच नाहीत. दोन प्रश्न विचारले. बाहेरून काय आलं, म्हणजे ब्रिटनमधून किती जिवंत गुरं आणि किती भुकटी या देशात उतरली? आणि आत आलेलं बीज रुजलं असतं की मेलं असतं, म्हणजे तिथे खाद्यात काय मिसळत होते, मेंदू-मज्जा वेगळी काढत होते का, भुकटी पुरेशी तापवत होते का? जुलै २००० मध्ये या हिशेबाने जर्मनी, स्पेन आणि इटली तिसऱ्या पातळीत गेले: रोग दिसलेला नाही, पण बहुधा आहे. जर्मनीने खूप आक्षेप घेतला. आमच्या देशी गाईंत एकही रोगी नाही, मग ही बदनामी कशासाठी? त्याच नोव्हेंबरात चाचण्या वाढवल्या आणि जर्मनीत पहिली देशी रोगी गाय सापडली. स्पेनमध्येही सापडली. जानेवारी २००१ मध्ये इटलीत सापडली, आणि जर्मनीचे आरोग्यमंत्री व कृषिमंत्री दोघांनाही पायउतार व्हावं लागलं.

‘एकही केस नाही’ हे वाक्य किती पोकळ असू शकतं ते इथे दिसतं. न बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. म्हणून मला आजच्या वर्गवारीतल्या ‘नगण्य जोखीम’, ‘नियंत्रित जोखीम’, ‘अनिश्चित जोखीम’ या तीन खणांपैकी तिसरा खण सर्वांत प्रामाणिक वाटतो. ज्याने बघितलंच नाही त्याला चांगलंही म्हणायचं नाही, वाईटही नाही. मेंदूच्या या रोगाबाबत भारत २०१० पासून ‘नगण्य’ खणात आहे, आणि तो दर्जा आपल्याला शोभतो, कारण मांस-हाडांची भुकटी गुरांना चारायची आपली रीतच नाही. आपली गाय गवत, पेंढा, पेंड आणि कोंड्यावर वाढते. तोंडा-खुरांत फोड आणणाऱ्या लाळखुरकतीबाबत मात्र भारताच्या कुठल्याच भागाला मुक्तीचा दाखला नाही, आणि तेही न्याय्यच आहे.

आता गावाकडे येतो. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा आमच्या वाडीतल्या एका आबांच्या गाईच्या अंगावर सुपारीएवढ्या गाठी उठल्या. मी सकाळी दूध संस्थेत जाताना बघितलं तर गाय पडवीत आतल्या बाजूला बांधलेली, आणि पुढे गोणपाट सोडलेलं. मागच्या पायावर सूज होती, गाय पाय टेकत नव्हती, आणि आबा गोणपाटाच्या आड कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करत होते. मी म्हटलं, ‘आबा, दवाखान्यात कळवूया.’ ते म्हणाले, ‘मी सांगलंय तर दूध कोण घेवचो नाय. गप रवलंय तर आठ दिसान गाय बरी तरी होयत.’ मला रागवता आलं नाही. लम्पी माणसाला होत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण गिऱ्हाईकाला कोण समजावणार? सरकारने त्या वेळी मेलेल्या दुभत्या गाईला ३०,००० रुपये, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये मदत जाहीर केली होती. चांगलं केलं. पण ती मदत जनावर मेल्यावरची होती. पहिल्याच दिवशी जो माणूस पुढे येऊन ‘माझ्या गोठ्यात आहे’ म्हणतो, त्याच्या पदरात दूध परत येण्यापलीकडे काय पडतं?

कॅनडात २००३ मध्ये हेच मोठ्या अंगाने घडलं. अल्बर्टा प्रांतात एक रोगी गाय सापडली, सरकारने ती जाहीर केली, आणि एकामागून एक देशांनी कॅनडाचं मांस बंद केलं. पुढच्या वर्षी अल्बर्टाचे तेव्हाचे प्रमुख राल्फ क्लाइन जाहीरपणे बोलून गेले की त्या शेतकऱ्याने गाय गोळी घालून पुरायला हवी होती आणि गप्प बसायला हवं होतं. आबा बोलले तेच एका प्रांताचा मुख्य माणूस बोलला. दोघांनाही तसं वाटायला लावणारी व्यवस्था एकच आहे: सांगणारा बुडतो. ज्या वर्गवारीत एक प्रामाणिक कबुली देशाला वर्षानुवर्षं महागात पडते, ती वर्गवारी जगाला खोटं बोलायला शिकवते.

यावर उपाय अस्तित्वात आहे, आणि तो कागदावरच राहिला आहे असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये बर्लिनजवळच्या एका म्हशींच्या कळपात लाळखुरकत निघाली. जर्मनीत ती १९८८ नंतर पहिल्यांदाच आली होती. देशाचा मुक्त दर्जा त्याच क्षणी गेला. पण त्यांनी कळप मारला, भोवतीचा पट्टा बांधला, आजूबाजूची जनावरं तपासली, आणि मार्चमध्ये तो पट्टा वगळून उरलेल्या देशाचा दर्जा परत मिळवला. हे त्यांना जमलं कारण कुठलं जनावर कुठून कुठे गेलं याची नोंद त्यांच्याकडे होती.

ब्राझीलचं सांता कातारिना हे राज्य तर कोकणी माणसाने नीट बघावं असं आहे. एका बाजूला अटलांटिक महासागर, किनाऱ्याला समांतर डोंगराची रांग. त्या राज्याने २००० मध्ये लाळखुरकतीची लस थांबवली, बाहेरची गुरं आणायला बंदी केली, सीमेवर नाकी बसवली, आणि पुढे प्रत्येक गाईच्या कानात बिल्ला मारला. २००७ मध्ये जगाने त्या एकट्या राज्याला ‘लसीशिवाय मुक्त’ म्हटलं. बाकी देश तेव्हा मागे होता. अख्ख्या ब्राझीलला तो दर्जा मिळायला मे २०२५ उजाडलं. आपल्या गीर आणि ओंगोलच्या पोटी वाढलेली तिथली गुरं आहेत ही! वाट एका राज्याने दाखवली, देश मागून आला.

कोकणाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला सह्याद्रीची भिंत. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात वरून गुरांची गाडी उतरायची तर ठरावीक वाटांनीच: बोरघाट, ताम्हिणी, वरंध, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, अणुस्कुरा, गगनबावड्याकडचे दोन घाट, फोंडा, आंबोली, तिलारी. उत्तरेला आणि दक्षिणेला महामार्ग. एवढी दारं मोजता येतात. विदर्भात किंवा मराठवाड्यात ती मोजता येणार नाहीत. केंद्राने लस देऊन लाळखुरकतमुक्त पट्टे तयार करण्यासाठी ज्या राज्यांचा विचार चालवला आहे त्यांत महाराष्ट्र आहे, आणि २०३० हे देशाचं उद्दिष्ट आहे. मग अख्खं राज्य एकदम हाती घेण्याआधी घाटाखालचा पट्टा का घेऊ नये? कायदाही हाताशी आहे. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यात नियंत्रित क्षेत्र, मुक्त क्षेत्र, तपासणी नाकी आणि रोग कळवण्याची मालकाची जबाबदारी, हे सगळं लिहिलेलं आहे.

माझ्याशी वाद घालणारे तीन गोष्टी सांगतात. एक, गवा आणि रानडुक्कर नाक्यावर थांबत नाहीत, आणि लाळखुरकत त्यांनाही होते. हे खरं आहे. म्हणूनच लस बंद करायची घाई कोकणाने करू नये आणि आधी ‘लसीसह मुक्त’ हाच दर्जा मागावा. दोन, कोकणात दुभती म्हैस घाटावरूनच येते, ती अडवली तर दूध कुठून आणणार? अडवा असं मी म्हणत नाही. बिल्ला, लसीची तारीख, आणि आल्यावर काही दिवस वेगळं बांधणं, एवढंच. तीन, कोकणात गुरं ती किती, आणि परदेशी पाठवायचं काय? हा प्रश्न मला सर्वांत जास्त टोचतो. कोकण कपिला ही आपली जात आता राष्ट्रीय नोंदणीत आहे. लहान चणीची, काटक, डोंगरउतारावर चरणारी, पावसाळ्यातल्या चिखलात खूर न सडणारी गाय. दूध दोनेक लिटर. तिला परदेशी पाठवायचं म्हणून मी हा पट्टा मागत नाही. लाळखुरकत आली की तिचं दूध तुटतं, गाभण असेल तर गाभडते, बैल भातलावणीच्या तोंडावर लंगडा होतो. तोंडातून लाळेच्या तारा गळताहेत, जिभेची साल सोलून निघालीय, आणि भुकेलं जनावर गवताला तोंड लावून मागे घेतंय, हे ज्याने बघितलंय त्याला निर्यातीचे आकडे लागत नाहीत.

आणि आकडेच हवे असतील तर तेही कोकणातूनच जातात. न्हावा शेवा बंदरातून म्हशीच्या मांसाचे कंटेनर व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्तला जातात. हाडं काढून, ग्रंथी काढून, मांसाचा सामू (pH) ठरावीक पातळीखाली येईपर्यंत ठेवून. इतका खटाटोप का, तर आपण लाळखुरकतीच्या यादीत ‘मुक्त’ नाही म्हणून. जास्त भाव देणारे देश तेवढ्यावरही दार उघडत नाहीत.

आता आपल्या दाराचा विचार. परदेशातून गुरं, वीर्य, दुधाचे पदार्थ आणायचे तर १८९८ च्या पशुधन आयात कायद्याखाली परवाना लागतो, आणि मुंबईत उतरणारा माल तिथल्या पशु संगरोध केंद्रापुढे उभा राहतो. इथे आपण काय विचारायचं? मला वाटतं, पॅरिसच्या यादीतला खण वाचून थांबू नये. ब्राझीलमध्ये डिसेंबर २०१० मध्ये मेलेल्या एका गाईच्या मेंदूतला रोग डिसेंबर २०१२ मध्ये जगाला कळवला गेला. प्रकार तुरळक, वयोमानाने आपोआप होणारा होता, त्यामुळे देशाचा ‘नगण्य’ दर्जा शाबूत राहिला, आणि नियमाने ते बरोबरही होतं. पण नमुना दोन वर्षं का रखडला, हा प्रश्न त्या खणात कुठेच बसत नाही. ब्राझीलच्या गीरचं वीर्य मागवायची चर्चा आपल्याकडे पुन्हा पुन्हा निघते, तेव्हा मी पहिला प्रश्न हाच विचारीन: संशयित जनावरापासून प्रयोगशाळेच्या अहवालापर्यंत तुमच्याकडे किती दिवस लागतात, आणि गेल्या पाच वर्षांचे दिवस दाखवा.

अमेरिकेचे दुधाचे पदार्थ आपल्याकडे येऊ द्यायचे की नाही, या वादातही हीच स्पष्टता हवी. दूध देणाऱ्या जनावराने गुरांचं मांस, आतडी, रक्ताची भुकटी खाल्लेली नसावी, ही आपली अट आहे. अमेरिकेचा दर्जा २०१३ पासून ‘नगण्य’ आहे, आणि तिने १९९७ मध्येच गुरांना गुरांचं मांस-हाडं चारायला बंदी केली. पण रक्ताच्या पदार्थांना त्या नियमातून सूट आहे. आपली अट मला पटते आणि ती सोडू नये असं ठामपणे वाटतं. मात्र ती श्रद्धेपोटी आहे की रोगापोटी, हे आपण समोरच्याला एकदा नीट सांगावं. श्रद्धेपोटी असेल तर तसं म्हणायला लाजायचं काय? आमच्याकडे वसुबारसेला गाय-वासरू पुजतात, तिला काय चारलं गेलं हे आम्हाला महत्त्वाचं आहे. रोगापोटी असेल तर जोखमीचा कागद मांडावा. श्रद्धेची गोष्ट रोगाच्या नावाखाली पुढे केली की लवादात तीच गत होते जी कोंबडीच्या खटल्यात झाली.

लसीचं पाहिलं तर काम चाललेलं आहे. २०१९ पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेत आमच्या वाडीतही माणूस येतो, मोटारसायकलवर मागे थर्माकोलचा डबा बांधून. लस दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे, आणि वीज गेलेली असली की तो बर्फासाठी आधी मासळीच्या बर्फवाल्याकडे जातो. डोंगरउतारावर चरायला गेलेली गुरं संध्याकाळी परत येईपर्यंत तो पडवीत बसून राहतो. पिवळा बिल्ला, बारा आकडी नंबर, मोबाइलवर नोंद. कोकण मुक्त पट्टा झालाच तर तो या माणसाच्या जिवावर होईल.

पण गेल्या महिन्यात मी पहाटे घाटातून उतरत होतो तेव्हा पुढे म्हशींचा टेम्पो होता. ताडपत्रीतून एक कान बाहेर आलेला, त्यात बिल्ला नव्हता. पायथ्याच्या चहाच्या टपरीवर टेम्पो थांबला, चालकाने चहा घेतला, मागे एकदा बघितलं आणि महामार्गाला लागला. टपरीसमोरच जुन्या जकात नाक्याची खोली आहे, छप्पर अजून शाबूत असलेली. तिथे एक माणूस, एक मोबाइल आणि दर गाडीमागे दहा मिनिटं एवढंच मला हवं आहे, आणि जो मालक स्वतःहून रोग कळवेल त्याच्या दुधाचे बंद पडलेल्या दिवसांचे पैसे त्याच आठवड्यात.